मी पेनफुल नाहीये, दाढ पेनफुल आहे

मागे दाढ ठणकत होती तेव्हा मी ऑफिसला मेल टाकला, 'आय ॲम व्हेरी पेनफुल', म्हणजे थोडक्यात मीच लोकांना ताप देतो असं लिहून बसलो 😀 माणूस 'इन पेन' असतो, पेनफुल असते ती दाढ. आणि एक्सक्रूशिएटिंगच्या (म्हणजे असह्य दुखणाऱ्याच्या) आधी व्हेरी लावत नाहीत, कारण त्यात अति आधीच आलंय, फारच वाटलं तर ॲब्सोल्युटली लावा. शब्द लॅटिनमधला, मुळाशी क्रूस, म्हणजे क्रुसावर चढवल्यासारख्या वेदना, त्यामुळे जिम करून अंग आंबलं तर नुसतं सोअर म्हणा ना. ठणक्याला थ्रॉबिंग, भोसकल्यासारखी कळ आली तर स्टॅबिंग. १९७५ च्या मॅकगिल पेन क्वेश्चनेअरमध्ये, म्हणजे दुखणं कसं आहे ते पेशंटला विचारायच्या प्रश्नावलीत, असे ७८ शब्द आहेत, मला तेव्हा एकच येत होता, तोही चुकीचा वापरला.