आमची वाटचाल : सालीपासून कापडापर्यंत

जपानच्या होक्काइदो बेटाच्या दक्षिणेस, सारू नदीच्या काठी, बिराटोरी नगरातील निबुतानी या गावी आमची छोटी कार्यशाळा आहे. ओह्यो या एल्म जातीच्या झाडाच्या आतल्या सालीपासून विणलेले ‘आत्तुश’ हे आम्हा ऐनू लोकांचे, म्हणजे या बेटाच्या मूळ रहिवाशांचे, जुने कापड येथे तयार होते. त्याच्या आम्ही पिशव्या आणि ओबी म्हणजे किमोनोवर बांधायचे कमरपट्टे करतो, आणि मागणी आली तर अंगरखाही शिवून देतो. आज आम्ही तिघीजणी आहोत. आरंभी मी आणि माझ्या सासूबाई अशा दोघीच होतो, आणि त्यांतही जाणत्या त्या एकट्याच.

झाडांत पाणी चढलेले असते त्या उन्हाळ्याच्या तोंडीच साल सहज सुटते, त्यामुळे वर्षभराचा कच्चा माल थोड्या दिवसांतच गोळा करावा लागतो. झाडाची प्रार्थना करून बुंध्याशी खाच पाडायची, सालीचे टोक धरून वर ओढायचे, आणि झाड जगावे म्हणून सभोवतालची सगळी साल कधीही काढायची नाही, हा सासूबाईंनी घालून दिलेला पहिला धडा. त्यानंतर बाहेरची खडबडीत साल काढून टाकून आतली साल राखेच्या पाण्यात उकळणे, नदीत धुणे, तिचे पातळ पदर सोडवून वाळवणे, नखाने चिरून बारीक तंतू काढणे आणि ते एकमेकांस जोडत पीळ देऊन गुंडे करणे, एवढे झाले की मग कोठे मागावर बसता येते. मागाचे एक टोक खुंटीला आणि दुसरे विणणारणीच्या कमरेला बांधलेले असते, त्यामुळे ताणा किती घट्ट राहावा हे तिच्या बसण्यावर ठरते. पाहुण्यांना विणकाम पाहण्यात रस असतो, पण आमचा बहुतेक वेळ धागा करण्यात जातो, आणि किंमत सांगताना नेमके हेच समजावून देणे सर्वांत अवघड असते. दुसऱ्या वर्षी साल उकळण्याचे काम प्रथमच माझ्या एकटीवर सोपवले गेले आणि ती इतकी शिजली की तंतू हातात तुटू लागले. त्या वर्षी आम्ही जवळजवळ काहीच विकले नाही.

ज्या नदीत साल धुवायची, त्याच नदीवर निबुतानी धरण बांधले गेले. त्यासाठी जमीन घेणे बेकायदेशीर होते असा निकाल सप्पोरो जिल्हा न्यायालयाने 1997 साली दिला खरा, पण तोवर धरण उभे राहिले होते आणि ते तसेच राहिले. ‘निबुतानी आत्तुश’ला 2013 साली जपान सरकारने पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली, होक्काइदोला असा मान त्यापूर्वी मिळालेला नव्हता. त्यानंतर चौकशा वाढल्या, घासाघीस थोडी कमी झाली, साल मात्र वाढली नाही.

त्याच सुमारास एका व्यापाऱ्याने दोनशे पिशव्या तीन महिन्यांत मागितल्या आणि ते शक्य नसल्यास सुती कापडावर आमची नक्षी छापून द्यावी असे सुचवले. मोरेउ म्हणजे वळणाची आणि आयुश म्हणजे काट्याची आकृती आम्ही टाक्याटाक्याने भरतो. छपाईला मी नकार दिला. पुढे तशीच नक्षी छापलेल्या पिशव्या दुसरीकडे विकल्या जाताना पाहिल्या, आणि आपला निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर होता की नाही, याविषयी मी आजही ठामपणे बोलू शकत नाही.

आता चिंता झाडांची आहे. साल काढण्याजोगे ओह्यो मिळवण्यासाठी डोंगरात पूर्वीपेक्षा दूर जावे लागते, आणि हरणेही साल खातात. रोपे लावली जात आहेत, पण त्यांची साल माझ्या हाती येईल असे मला वाटत नाही. आमच्यातील सर्वांत धाकटी मुलगी ती काढील. तोपर्यंत नव्या मागण्या आम्ही तारीख न देता वहीत लिहून घेतो, आणि धागा तयार होईपर्यंत आगाऊ रक्कम स्वीकारत नाही.