तोंडापासून एक वीत

सैन्यातून आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा, म्हणून निवृत्त झाल्यापासून मी बेळगावातल्या एका परवानाधारक कार्यशाळेत बंदुका दुरुस्त करतो. आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातली, पीकसंरक्षणासाठी परवाना घेतलेली शेतकरी असतात आणि त्यांच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. कुणाचा घोडा ढिला झालेला असतो, कुणाच्या दस्त्याला चीर गेलेली असते, आणि पावसाळ्यात तर निम्म्या बंदुकांच्या नळ्या गंजूनच येतात. २०२४ च्या सप्टेंबरात जांबोटीच्या पलीकडच्या एका गावातले गृहस्थ गोणपाटात गुंडाळलेली बाराबोर (छर्ऱ्यांची बंदूक) घेऊन आले, तेव्हा मी तसलेच काही असेल असे गृहीत धरले होते.

त्यांनी परवाना आणि बंदूक टेबलावर ठेवली आणि एवढेच म्हणाले, ‘‘मामा, नळी फुटली.’’

एकनळी, तीस इंची नळीची बंदूक होती. तोंडापासून साधारण एक वीत आत नळीला बांगडीसारखा गोल फुगवटा आला होता आणि त्याच्यावर दोन बोटे लांबीची उभी चीर गेली होती. पोटरीला आलेल्या भातात डुकरे शिरली म्हणून त्यांनी रात्री आभाळाकडे नळी करून एक बार काढला होता. आवाज नेहमीसारखा आला नाही, खांद्याला धक्काही विचित्र बसला, आणि सकाळी पाहतात तो नळीची ही दशा. काडतुसात दारू जास्त भरली गेली होती, हा त्यांचा निष्कर्ष तयार होता. ज्या दुकानातून काडतुसे घेतली तिथे आदल्या दिवशी जाऊन त्यांनी मोठे भांडणही केले होते. आता तेच मी कागदावर लिहून द्यावे, म्हणजे नुकसानभरपाई मागता येईल, अशी त्यांची अपेक्षा होती.

मी नळीकडे न जाता आधी रिकामे काडतूस मागितले. त्यांनी ते नशिबाने फेकून दिले नव्हते.

बार उडतो तेव्हा नेमके काय होते, याची कल्पना आमच्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना असते, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण सगळा खेळ सेकंदाच्या दोन-तीन सहस्रांश भागात आटोपतो. चाप ओढला की घोडा सुटतो आणि त्याची पिन काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आदळते. टोपीतला मसाला आघाताने पेटणारा असतो. त्याची ज्योत बुडातल्या छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोचते. दारूचा ‘स्फोट’ होतो असे सगळेच म्हणतात, पण आजची धूरविरहित दारू स्फोट पावत नाही, ती जळते. चिमूटभर उघड्यावर पेटवली तर ती नुसती फुर्रकन जळून जाते. (बेळगावात ‘दारू’ शब्दावर जे विनोद व्हायचे ते माझ्या कार्यशाळेत सगळे होऊन गेले आहेत.) काडतुसात कोंडलेली असताना मात्र तिच्यापासून निघणाऱ्या वायूला जागा मिळत नाही, दाब वाढतो, दाब वाढला की ज्वलन आणखी वेगाने होते, आणि डोळ्याचे पाते लवायच्या कितीतरी आधी आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला सातशे किलोच्या आसपास पोचतो. मोटारीच्या चाकात हवा असते तिच्या हा सुमारे तीनशे पट झाला.

हा शिखराचा दाब मागे, चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या जागेच्या) तोंडाशी, छर्रे दोन-चार सेंटिमीटर सरकतात न सरकतात तोच येऊन जातो. छर्रे पुढे पळू लागले की वायूला जागा मिळत जाते आणि दाब झपाट्याने उतरतो. नळीच्या तोंडापर्यंत तो शिखराच्या दहाव्या हिश्शाहून कमी उरतो. म्हणून बंदूक घडवणारा मागचा भाग जाड ठेवतो आणि पुढे पोलाद निमुळते करत नेतो. तोंडाजवळ ते जेमतेम एक मिलिमीटर जाड असते. सगळी नळी मागच्यासारखी जाड केली तर ती खांद्यावर घेऊन रात्रभर माळ्यावर बसणे कुणाला जमणार नाही.

हे त्यांना सांगता सांगता मी काडतुसाचे बूड भिंगाखाली धरले. दारू खरोखर प्रमाणाबाहेर असती तर त्याच्या खुणा इथे दिसायला हव्या होत्या. जादा दाबाने टोपी चपटी होऊन कडेपर्यंत पसरते, कधी सैल होऊन गळूनही पडते. पितळी बूड फुगून चेंबरमध्ये असे आवळून बसते की ते गजाने ठोकून काढावे लागते. एरवी बार उडताना पितळ क्षणभर फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, त्यामुळे वायू मागे फुटत नाही, आणि दाब उतरताच ते पुन्हा आक्रसते, म्हणूनच रिकामे काडतूस बोटाने ओढले तरी निघते. या काडतुसाच्या टोपीवरचा पिनचा खळगा नीट गोल होता, त्याच्या कडा शाबूत होत्या आणि कॅलिपरने मोजल्यावर बुडाचा व्यास न उडवलेल्या काडतुसाइतकाच भरला. काडतूस सहज निघाले होते का, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘नेहमीसारखंच की.’’

माझ्या दृष्टीने दुकानदार इथेच सुटला. दारू जास्त असती तर तिने बंदूक मागे फोडली असती, जिथे दाब सर्वांत जास्त असतो तिथे, आणि तिथेच चापावरचा उजवा हात आणि गाल असतो. बारानंतर दोन्ही हात धड घेऊन माझ्यासमोर बसलेला माणूस हाच मोठा पुरावा होता. पण मागे काही न होता पुढे, वीतभर आत, नळी का फुगावी याचे उत्तर अजून द्यायचे होते.

बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, मी मागच्या बाजूने दिवा धरला आणि तोंडातून आत पाहिले. चांगल्या नळीत उजेडाची एकात एक बसलेली वलये दिसतात, पाण्यात खडा टाकल्यावर दिसतात तशी, आणि ती शेवटपर्यंत अखंड असतात. या नळीत ती एके ठिकाणी तुटली होती आणि तिथे एक काळे कडे उभे होते. असे कडे म्हणजे तिथे काहीतरी अडकले होते याची सही असते. मी गजाला पांढरे फ्लॅनेल गुंडाळून ते फुगवट्याच्या खाचेतून दोनदा फिरवले. फडक्यावर काजळी आली, शिशाची करडी रेघ आली आणि लालसर, भाजल्यासारखी भुकटी आली. भुकटी कागदावर झटकल्यावर तीत एक वाळलेला, केसाएवढा बारीक पाय निघाला. कोळ्याचा.

मी त्यांना उठवून मागच्या दाराकडे नेले आणि कुलपाचे भोक दाखवले. उन्हाळ्यात ते कुणीतरी चिखलाने लिंपून टाकले होते आणि मी आळसाने तसेच ठेवले होते.

‘‘कुंभारीण!’’ ते लगेच म्हणाले.

कुंभारीण माशी अशीच बोटाएवढी भोके शोधते, त्यात ओल्या मातीची खोली बांधते, पिलांसाठी डंख मारून बधिर केलेले कोळी किंवा अळ्या आत भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. बाराबोरची नळी आतून साडेअठरा मिलिमीटर रुंद असते. त्या माशीच्या हिशेबाने तो वाडाच. पण घरात तेल लावून ठेवलेल्या बंदुकीत तिला इतकी सवड मिळाली कधी, हे मला कळेना. शेवटी परवान्याच्या पाकिटात मला एक पावती सापडली. ती कन्नडमध्ये होती आणि त्यांना वाचता येत नव्हती. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागू झाली तेव्हा नियमाप्रमाणे त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती आणि जूनमध्ये निकालानंतर ती परत घेतली होती. ऐन उन्हाळ्याचे जवळजवळ तीन महिने ती कुठल्यातरी कोपऱ्यात, तोंड उघडे ठेवून उभी होती. घरी आणल्यावर त्यांनी बाहेरून पुसून तेल लावले, पण मोडून आतून पाहिली नाही; ‘‘सरकारकडं होती म्हणताना ती बरोबरच असणार’’ असे त्यांना वाटले.

मग मी त्यांना शेवटचे सांगितले, जे समजायला सर्वांत अवघड आहे, कारण मातीची चार बोटे जाडीची बूच पोलाद फोडते यावर कुणाचा सहजासहजी विश्वास बसत नाही. छर्रे त्या जागी पोचतात तेव्हा त्यांचा वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या घरात, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आसपास असतो. तीस-बत्तीस ग्रॅम शिसे त्या वेगाने थांबलेल्या मातीवर आदळले की पुढचे छर्रे अडतात, मागचे त्यांच्यावर चढतात आणि मऊ शिसे बाजूला दाबले जाते. त्याच्या पाठोपाठ तितक्याच वेगाने धावत आलेल्या वायूलाही एकाएकी थबकावे लागते. या सगळ्याचा जोर क्षणभर त्याच एका जागेवर येतो, आणि ती जागा नेमकी जिथे पोलाद एक मिलिमीटरवर आले आहे ती असते. मग माती उडून जाते, छर्रे निघून जातात, पण पोलाद ताणले जाऊन पूर्ववत होण्याच्या पलीकडे गेलेले असते. ते तसेच फुगलेले राहते. तीच बूच आणखी एक हातभर मागे असती तर फुगवटा त्यांच्या डाव्या हाताच्या मुठीत आला असता. हे ऐकल्यावर त्यांनी डावा तळवा उघडून पाहिला आणि पुन्हा मिटला.

थोड्या वेळाने त्यांनी मला अपेक्षित असलेला प्रश्न विचारला. फुगवटा तोंडापासून वीतभरच आत आहे, तेवढा भाग कापून द्यावा, उरलेल्या नळीने डुकरे हाकायचे काम भागेल. मी नकार दिला. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे त्यासाठीचा वेगळा परवाना असल्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा आहे, आणि तसे नसते तरी एकदा ताणलेल्या पोलादाची चीर कुठवर गेली आहे हे नुसत्या डोळ्यांनी ठरवण्याची माझी तयारी नव्हती. नवी नळी बसवायची तर तिच्यासाठी अर्ज करावा लागेल, परवान्यावर नोंद करून घ्यावी लागेल आणि यात हा हंगाम जाईल, हेही सांगितले. मी जे पाहिले ते मोजमापांसह लिहून दिले. काडतुसात दोष आढळला नाही, हे वाक्य त्यात होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि स्टँडवर जाण्याआधी त्या दुकानात जाऊन येतो म्हणाले.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. भात निम्मे हाती लागले होते. हंगामभर त्यांनी माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवला होता, आणि बंदूक अजून गोणपाटातच होती.