वाटेत गाडी बंद पडली त्या दिवसाचा हिशेब

एकूण 620 किलोमीटरच्या प्रवासातले 380 किलोमीटर सुरळीत पार पडले होते, आणि पुढच्या चढावर डॅशबोर्डवरचे बॅटरीचे लाल चिन्ह उजळले. पाठोपाठ स्टिअरिंग एकदम जड झाले आणि बघता बघता तापमानाचा काटा मधली खूण सोडून वर सरकू लागला. गाडी भाऊ चालवत होता, मी शेजारी होते, मागे आई आणि माझी आठ वर्षांची मुलगी. तिन्ही लक्षणे एकाच वेळी दिसली म्हणजे दोष तीन ठिकाणी आहे असे आधी वाटते, पण आमच्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणारा पंप आणि स्टिअरिंग हलके करणारा हायड्रॉलिक पंप हे तिन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात, आणि तो पट्टाच तुटला होता.

भावाने गाडी लगेच कडेला घेऊन इंजिन बंद केले, हा त्या दिवसातला सर्वांत मोलाचा निर्णय होता असे मी आजही मानते. 'पुढे गॅरेज दिसेपर्यंत हळूहळू नेऊ' हा विचार अशा वेळी प्रत्येकाच्या मनात येतो. पाणी फिरत नसताना इंजिन तसेच चालवले, तर सिलिंडर हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग वाकण्याची आणि त्याखालची सील, हेड गॅस्केट, जाण्याची भीती असते, आणि मग काही तासांचे काम काही दिवसांवर जाते. चढावर इंजिन तापू लागले की एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा हा उपाय खरा आहे, कारण हीटरचा गाभा हा इंजिनच्या पाण्यातली उष्णता बाहेर टाकणारा एक छोटा रेडिएटरच असतो. मात्र पंप फिरत असेल तरच तो उपयोगी पडतो. पट्टा तुटल्यावर त्याचा काहीही उपयोग नाही.

बॉनेट उघडल्यावर पुलीभोवती रबराचे काळे धागे गुंडाळलेले दिसले. भावाचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला तेव्हा मी त्याला थांबवले. त्या झाकणाखाली पाणी दाबाखाली असते, म्हणून 100 अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो आणि तेच पाणी उसळून तोंडावर येते. आम्ही चारही इंडिकेटर चालू केले, धोक्याच्या इशाऱ्याचा त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवला आणि आईसह सर्वजण रस्त्याच्या कठड्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. उन्हात आईला उभे ठेवणे जिवावर आले होते. पण भरधाव वाहतुकीच्या रस्त्यावर कडेला थांबलेल्या गाडीत बसून राहणे त्याहून धोक्याचे होते.

यानंतर सुरू झाली ती वाट पाहण्याची वेळ, आणि याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. किती वेळ जाईल याचा अंदाज नसणे हे प्रत्यक्ष वेळ जाण्यापेक्षा जास्त थकवते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी कागदावर त्या वेळेचे भाग पाडले: टोइंगची गाडी येणे, गॅरेजपर्यंत पोहोचणे, दोष नेमका कळणे, सुटा भाग मिळणे आणि तो बसवणे. असे लिहून काढल्यावर लक्षात येते की पट्टा बसवण्याचे काम तासाभराचेही नसते, खरा वेळ जातो तो भाग येण्यात. टोइंगवाल्याने एक तास सांगितला, मी घरच्यांना दोन सांगितले, आणि मुलीला दर अर्ध्या तासाने जे खरे असेल तेच सांगत राहिले. 'आता येईलच' हे वाक्य एकदा खोटे ठरले की मुलांचा धीर सुटतो. आईच्या गोळ्यांची पिशवी डिकीत सर्वांत खाली होती, ती काढायला सगळे सामान रस्त्याकडेला उतरवावे लागले; आता ती नेहमी पुढच्या सीटपाशी असते.

गॅरेजमध्ये मी तीन गोष्टी विचारल्या: दोष नक्की सापडला आहे की अंदाज आहे, भाग आजच मिळेल का, आणि हा पट्टा तुटला कशामुळे. तिसऱ्या प्रश्नावर मेकॅनिकने मला जवळ बोलावून एक छोटी पुली बोटाने फिरवून दाखवली. चांगली पुली निमूटपणे फिरते. ही अडखळत होती आणि आतून वाळू घासल्यासारखी करकर ऐकू येत होती. "ताई, बेअरिंग गेलंय. नुसता पट्टा टाकला तर तोही खाईल," तो म्हणाला. पुली मागवायची म्हणजे आणखी दोन तास थांबणे होते. मन सांगत होते, आत्ता पट्टा टाकून निघू, बाकीचे परत आल्यावर पाहू. भावाने ते ऐकले नाही, आणि त्याचे बरोबर होते. ते दोन तास आम्ही दिले नसते, तर पुढच्या शंभर किलोमीटरांत तोच प्रसंग अंधारात पुन्हा आला असता.

गाडी हातात आली तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, पाच तास गेले होते आणि 240 किलोमीटर उरले होते. गेलेला वेळ वेग वाढवून भरून काढता येतो हा समज मला अतिशय घातक वाटतो, म्हणून त्याचे गणित इथे मांडते. सरासरी 60 च्या वेगाने 240 किलोमीटरना चार तास लागतात. त्यातला एक तास वाचवायचा तर सरासरी 80 हवी आणि दोन वाचवायचे तर 120. सरासरीत वळणे, गावे, थांबे सगळे धरलेले असते, त्यामुळे काट्यावरचा वेग त्याहूनही कितीतरी जास्त ठेवावा लागेल. शिवाय आम्ही दोघेही पहाटे चारपासून जागे होतो, आणि गाडी चालवली नाही तरी काळजीने माणूस थकतोच. आम्ही त्याच गावात मुक्काम केला. पुढच्या ठिकाणी फोन करून आम्ही उद्या दुपारी येत आहोत हे आधीच कळवले, कारण न कळवता उशीर झाला की आलेच नाहीत असे धरून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते. सहलीचा एक पूर्ण दिवस आम्ही काढून टाकला. आईला वाईट वाटले, पण त्या रात्री सर्वांत आधी झोप लागली ती तिलाच.

तेव्हापासून लांब निघण्याआधी मी इंजिन बंद असताना पट्टा उलटून त्यावरच्या भेगा पाहते, मग इंजिन सुरू करून पुल्यांचा आवाज लक्ष देऊन ऐकते, आणि स्टेपनीतली हवा तपासते. पहिल्या दिवशीच्या वेळापत्रकात शेवटचे तीन तास मोकळे ठेवते. गेल्या महिन्यात त्यातला एक तास पंक्चर काढण्यात गेला, आणि उरलेल्या दोन तासांत आम्ही उजेड असतानाच मुक्कामाला पोहोचलो.