तज्ज्ञांच्या भेटीआधीची एक दुपार

बार्शीत सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करताना तज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी मला रोजच लिहावी लागते आणि बहुतेक वेळा ती चार ओळींत आटोपते. मात्र गेल्या उन्हाळ्यातील एका दुपारी तशीच चिठ्ठी लिहिताना जे समोर आले, त्यामुळे माझी विचारपूस करण्याची पद्धतच बदलली.

पन्नाशीच्या एक शेतकरी बाई पती, मुलगा आणि थोरल्या बहिणीसह आल्या होत्या. जुन्या डोकेदुखीसाठी सोलापुरात एमआरआय केला असता, तिच्याशी बहुधा संबंध नसलेली एक गोष्ट त्यात सापडली होती: मेंदूची उजवी मधली धमनी जिथे दुभंगते, तिथे ५ मिलिमीटरचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम. पुण्यातील न्यूरोसर्जनची वेळ मिळाली होती. पण घरात ‘डोक्यातली नस कधीही फुटेल’ एवढेच पोहोचले होते आणि बाईंना अंथरुणावरून उठूही दिले जात नव्हते.

असा न फुटलेला फुगा प्रौढांपैकी सुमारे तीन टक्के लोकांत असतो आणि त्यांतील बहुतेकांचा तो कधीच फुटत नाही, हे मी आधी सांगितले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, पूर्वी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांमध्ये या जागेचे ७ मिलिमीटरहून लहान फुगे पाच वर्षांत फुटल्याचे आढळले नव्हते. हे ऐकून मुलाचा चेहरा सैलावला आणि आम्ही कागदपत्रांकडे वळलो.

स्कॅन सेंटरने फिल्म दिल्या होत्या, सीडी मात्र दिली नव्हती. फुग्याची मान किती रुंद आहे, तिच्यातून एखादी फांदी निघते का, हे शल्यविशारद पडद्यावर चित्र फिरवून पाहतात आणि शस्त्रक्रियेने फुग्याच्या मानेला क्लिप, म्हणजे चिमटा लावायचा, रक्तवाहिनीतून नळी नेऊन आतून कॉइल, म्हणजे बारीक तार भरायची की नुसते लक्ष ठेवायचे, हे पुष्कळसे त्यावर ठरते. म्हणून सीडी मागून घ्यायला सांगितले. रक्तदाबाच्या नोंदी, मूत्रपिंडाचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा अहवाल, चालू गोळ्यांची पाकिटे आणि शासकीय योजनेसाठी रेशनकार्ड व आधार हे सारे एका पिशवीत ठेवायचे ठरले. तंबाखू विचारताच पतीने ‘काही नाही’ म्हटले, बाई मात्र खाली बघून म्हणाल्या, “मिश्री लावते, मॅडम. दोन वेळा.” मी तेही चिठ्ठीत लिहिले.

मग घरात आणखी कोणाला असे काही झाले होते का, असे विचारले. पुन्हा पतीनेच ‘नाही’ सांगितले. तेव्हा दाराजवळ उभी असलेली थोरली बहीण पुढे आली. “आमची आई बी अशीच गेली की. खुरपताना डोकं धरून बसली, उलटी झाली अन् तिथंच आडवी पडली. लोक म्हणाले, ऊन लागलं.” पुढे मधल्या भावाचे नाव निघाले. चाळिशीत, डोके फुटल्यासारखे दुखते म्हणत तो कोसळला होता आणि रुग्णालयात ‘ब्रेन हॅमरेज’ असे सांगितले गेले होते.

क्षणभर मी लिहायची थांबले. आईविषयी खात्रीने बोलणे शक्य नव्हते, तरी रक्ताच्या दोन सख्ख्या नात्यांत असे मृत्यू झाले असतील, तर फुटण्याचा धोका त्या अभ्यासातील आकड्यापेक्षा जास्त धरावा लागतो. मी दिलेला दिलासा त्याच खोलीत मागे घेणे मला जड गेले, तरीही ते स्पष्ट शब्दांत सांगितले. उरलेल्या भावंडांनीही मेंदूच्या रक्तवाहिन्यांची एमआर अँजिओग्राफी करून घ्यायला हवी, हेही सांगितले. पूर्वी कधी दुखले नाही असे डोके अचानक दुखले, मान आखडली, पापणी उतरली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर पुण्याच्या तारखेची वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ जायचे, असे मुलाकडून पुन्हा म्हणवून घेतले.

चिठ्ठीत दोन्ही मृत्यूंचा मजकूर मी सर्वांत वर, वयासह लिहिला, कारण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात खालच्या ओळी वाचल्या जातीलच असे नाही. न्यूरोसर्जननी नुसते लक्ष ठेवण्याऐवजी मांडीतून नळी घालून अँजिओग्राफी केली आणि पुढे फुगा क्लिप लावून बंद केला. थोरल्या बहिणीची तपासणी स्वच्छ आली. काही वर्षांनी ती पुन्हा करायची आहे. धाकटा भाऊ बिडी ओढतो आणि ‘मला काही होत नाही’ म्हणत तपासणी टाळतो. आठवडी बाजाराला तो बार्शीत येतो, तेव्हा बहीण त्याला माझ्याकडे घेऊन येते आणि दर वेळी मी त्याच्यापुढे तोच विषय काढते.