उलट्या, धाप आणि न थांबणारी लघवी

चार वर्षांची मुलगी. वजन 13 किलो. दोन दिवस उलट्या, सकाळपासून धाप. सोबतच्या चिठ्ठीवर 'न्यूमोनिया' लिहून पुढे प्रश्नचिन्ह. बीडकडचं ऊसतोडीचं कुटुंब. फडाजवळच्या कोपीतून ट्रॅक्टरने डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथून रुग्णवाहिकेने आमच्या बालरुग्ण अतिदक्षता विभागात आलेलं. आई, बाप आणि आजी.

मी या विभागात परिचारिका आहे. त्या दिवसाबद्दल सविस्तर लिहायचं कारण एवढंच की, लहान मुलांना होणाऱ्या टाइप 1 मधुमेहाची सगळी लक्षणं घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

लेकराचे ओठ सुकून पापुद्रे निघालेले होते, डोळे खोल गेलेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश बसत होती. म्हणजे शरीरातलं पाणी चांगलंच कमी झालेलं. पण परकर ओला होता, आणि खाटेवर घेतल्यावर पुन्हा भरपूर लघवी झाली. इथेच थांबून विचार करायला हवा. उलट्या-जुलाबाने सुकलेल्या मुलाची लघवी आधी कमी होते, मग बंद होते. मूल कोरडं पडलंय आणि लघवी मात्र धो धो होतेय, असं असेल तर साखर तपासायचीच.

श्वासही न्यूमोनियाचा नव्हता. न्यूमोनियात श्वास उथळ, भरभर चालतो आणि मूल कण्हतं. इथे श्वास जलद होता, पण खोल होता, छाती पूर्ण भरून घेतलेला. डॉक्टरांनी छाती ऐकली, दोन्ही बाजू स्वच्छ. रक्तातला ऑक्सिजन 98 टक्के. तोंडाजवळ वाकलं की अति पिकलेल्या फळासारखा गोडसर, उग्र वास. रक्तात आम्ल साठलं की शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकू पाहतं, त्याची ही धाप.

आईला विचारलं, पाणी किती पिते? ती म्हणाली, "दिवाळीपास्नं लई पितीया, ताई. रातचं उठून हंड्याला लागती. हातरूण ओलं करती, आधी करत नव्हती." आजीने पुढे सांगितलं, "मुतली की तिथं मुंग्या लागत्यात. म्या म्हनलं, उसाचंच असंल." वजन उतरलंय हेही आईला झबल्यावरून कळलं होतं. अंगाला बसणारं झबलं खांद्यावरून घसरायला लागलं होतं.

बोटातून रक्त घेण्याआधी तिचा हात साबणाने धुऊन कोरडा केला. हे मुद्दाम सांगते. फडातल्या पोरांच्या बोटांना उसाचा रस लागलेला असतो आणि तेवढ्यानेही ग्लुकोमीटर खोटा, वाढीव आकडा देतो. नुसतं स्पिरिट फिरवून भागत नाही. हात धुतल्यावर घेतलेल्या थेंबालाही यंत्राने आकडा दिला नाही, 'हाय' दाखवलं. बहुतेक ग्लुकोमीटर साखर डेसिलिटरला 600 मिलिग्रॅमच्या वर गेली की असंच दाखवतात. प्रयोगशाळेतून 640 आली, लघवीच्या पट्टीवर कीटोनचा रंग गडद जांभळा आणि रक्ताचा पीएच 7.06. पीएच म्हणजे आम्लाचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. पीएच 7.1 च्या खाली गेला की आजार तीव्र समजतात.

टाइप 1 मधुमेह आणि त्यातून झालेला कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठणं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराचीच प्रतिकारशक्ती मारून टाकते. इन्सुलिन नाही, म्हणून रक्तात साखर असूनही पेशींना ती मिळत नाही. मग शरीर चरबी जाळतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात. आदल्या दिवशी एका खासगी दवाखान्यात तिला अशक्तपणासाठी ग्लुकोजची सलाईन लावली होती. त्याने साखर आणखी चढली. एक थेंब रक्त तिथेच तपासलं असतं तर ती एक दिवस आधी आमच्याकडे आली असती.

यापुढची घाई पाण्याची, इन्सुलिनची नव्हे. पहिल्या तासात साधं नॉर्मल सलाईन, किलोला 10 मिली, म्हणजे 130 मिली. त्यानंतर पाण्याची उरलेली तूट 48 तासांवर वाटून, रोजची गरज धरून, तासाला 64 मिली. भराभर पाणी भरायचा मोह इथे आवरावा लागतो, कारण या आजारात मूल दगावतं ते बहुतेक वेळा मेंदूला सूज येऊन.

इन्सुलिन एक तासाने सुरू झालं. एकदम शिरेत ढकलायचं नसतं, सिरिंज पंपावर थेंबाथेंबाने. 50 युनिट साधं इन्सुलिन 50 मिली सलाईनमध्ये, म्हणजे एका मिलीत एक युनिट. किलोला तासाला 0.1 युनिट, म्हणून पंप 1.3 वर. आमच्याकडे येणारी बाटली मिलीला 40 युनिटची असते, त्यामुळे 50 युनिट म्हणजे सव्वा मिली. 100 ची बाटली आली तर अर्धा मिली. हे गणित दोघींनी मिळून तपासल्याशिवाय पंप चालू करायचा नाही, असा आमचा नियम आहे. दुसरं, इन्सुलिन प्लॅस्टिकच्या नळीला चिकटतं. नळीतून ते द्रावण 20 मिली सोडून दिल्याशिवाय जोडलं, तर पंपावर आकडा बरोबर दिसतो आणि मुलाला पहिले काही तास औषध कमीच जातं.

पोटॅशियमकडे लक्ष ठेवावं लागतं. तपासणीत ते ठीक दिसतं, पण लघवीवाटे आणि उलटीवाटे शरीरातला साठा रिकामा झालेला असतो. इन्सुलिन सुरू झालं की उरलेलं पोटॅशियम पेशींत शिरतं आणि रक्तातलं झपकन उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. लघवी होतेय आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं नाही याची खात्री झाल्यावर 500 मिलीच्या बाटलीत 10 मिलीचा एक अँप्युल, म्हणजे 20 मिलिइक्विव्हॅलंट. बाटली उलटसुलट करून नीट मिसळायची, नाहीतर ते तळाशी बसून एकदम जातं. अँप्युल थेट शिरेत कधीही नाही.

दर तासाला साखर, नाडी, रक्तदाब, शुद्ध, लघवीचं माप. साखर तासाला 50 ते 90 ने उतरावी, त्याहून वेगाने नको. 640, 565, 490, 420. या काळात मूल पाण्यासाठी जीव काढतं. तोंडावाटे काही द्यायचं नसतं आणि आईच्या डोळ्यांसमोर कोरडे ओठ असतात. घरच्यांनी लपून पाणी पाजलं असं नेहमी घडतं, आणि त्यात त्यांचा दोष मी मानत नाही. म्हणून आधीच कारण सांगायचं आणि आईच्या हातात ओला कापूस द्यायचा, ओठ टिपायला. ती रात्रभर ते करत राहिली.

पाचव्या तासाला लेकरू म्हणालं, "आई, डोसकं." नाडी 138 वरून 92 वर आलेली. झोपेत असेल म्हणून ठोके कमी झाले, असं वाटू शकतं. पण डोकेदुखी, मंदावलेली नाडी आणि हाक मारल्यावर उशिरा उघडलेले डोळे, हे तिन्ही एकत्र आले की मेंदूची सूज धरूनच चालायचं, सीटी स्कॅनसाठी थांबायचं नाही. डोक्याकडची बाजू 30 अंश वर, सलाईनचा वेग कमी आणि मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल 20 टक्के, 50 मिली, पंधरा मिनिटांत. ही बाटली पहिल्यापासून उशाशी होती. थंडीत मॅनिटॉलचे बारीक स्फटिक होतात, बाटली उजेडासमोर धरली की काचेच्या सुयांसारखे दिसतात. तशी बाटली लावता येत नाही. गरम पाण्यात ठेवून स्फटिक पूर्ण विरघळवायचे आणि अंगाच्या उबेइतकी निवाली की लावायची. हे सगळं करायला ऐनवेळी वेळ नसतो, म्हणून संध्याकाळीच करून ठेवलं होतं. अर्ध्या तासात नाडी 116 वर आली आणि तिने नाव विचारल्यावर सांगितलं.

साखर 300 च्या खाली आली तेव्हा बाप विचारायला लागला, आता इन्सुलिन बंद करायचं ना? नाही. आता सलाईनमध्ये ग्लुकोज घालायचं आणि इन्सुलिन चालूच ठेवायचं. इन्सुलिन साखरेपेक्षा आम्ल थांबवायला हवं असतं. साखर बरी दिसली म्हणून पंप बंद केला की काही तासांत धाप परत येते. दुसऱ्या दिवशी दुपारी पीएच 7.31 झाला, ती उठून बसली, भात मागितला. कातडीखालचं पहिलं इंजेक्शन दिलं आणि पंप त्यानंतर एक तासाने काढला. साधं इन्सुलिन लागू व्हायला तेवढा वेळ घेतं.

मग आईने तो प्रश्न विचारला. "उसानं झालं का? दिसभर ऊसच चघळीत बसायची. आम्ही कोयता धरून, तिला कोण बघणार?" ऊस खाऊन हा आजार होत नाही. साखर खाऊन होत नाही, लाड करून होत नाही, दुर्लक्ष करूनही होत नाही. हे तिला त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि घरी जाताना सांगितलं, आजीच्या देखत. घरात दोष आईच्याच माथी येतो, म्हणून आजीने ऐकणं महत्त्वाचं होतं.

नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बाई दवाखान्यात बसली की कोयता अर्धा होतो आणि उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फिटायची थांबते. मुकादमाचे फोन येत होते. तरी शिकवल्याशिवाय सोडता येत नव्हतं, आणि आई, बाप, आजी तिघांनाही शिकवलं. इंजेक्शन देणारं एकच माणूस असेल तर ते आजारी पडेल त्या दिवशी मूल पुन्हा आमच्याकडे येतं.

सर्वांत जास्त वेळ सिरिंजवर दिला. लाल टोपणाची सिरिंज 40 च्या बाटलीसाठी, केशरी टोपणाची 100 साठी. 40 चं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये 10 च्या रेषेपर्यंत भरलं तर जातात फक्त 4 युनिट. उलट 100 चं लाल सिरिंजमध्ये 10 पर्यंत भरलं तर 25 जातात, आणि 13 किलोच्या मुलाला ते जिवावर बेतू शकतं. मेडिकलवाला "चालतंय हे बी" म्हणाला तरी घ्यायचं नाही. आईला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. बाटलीवरचा 40 तिला ओळखता आला, लाल टोपण ओळखता आलं. सलाईनच्या पाण्यावर सराव करताना ती रेषेशी हवेचा बुडबुडा आहे का ते सिरिंज उजेडाला धरून बघायची, टिचकी मारून तो वर घालवायची. बापापेक्षा तिचा हात स्थिर होता.

दुधाळ इन्सुलिन, म्हणजे सावकाश आणि जास्त वेळ चालणारं, जोरात हलवायचं नाही, तळव्यांमध्ये सावकाश फिरवायचं. मांडी, पोट, दंड, रोज जागा बदलायची, नाहीतर तिथे गाठ होते आणि औषध नीट शोषलं जात नाही. साध्या इन्सुलिननंतर अर्ध्या तासाने जेवण. आणि मूल जेवलं नाही, ताप आला, उलटी झाली, तरी इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही. डोस किती ते फोन करून विचारायचं.

घाम, थरथर, चिडचिड, अचानक गळून जाणं, म्हणजे साखर उतरली. 70 च्या खाली असेल तर तिच्या वजनाला चहाचा एक चमचा भरून साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. उसाचं कांडं द्यायचं नाही, चावायला वेळ लागतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, कुशीवर वळवून थेट दवाखाना. साखरेची पुडी आईच्या कमरेच्या पिशवीत, आणि एक आजीकडे.

कोपीत फ्रीज कुठून येणार? त्यावर मडक्याचा उपाय आहे आणि तो खरोखर चालतो. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, छोट्यात पिशवीत बांधलेली बाटली, वर ओलं फडकं, सावलीत, वारं लागेल असं. पाणी मुरून उडतं तसं आतलं तापमान उतरतं. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. चालू बाटलीवर उघडल्याची तारीख घालायची आणि चार आठवड्यांनी ती टाकायची, आत औषध उरलं तरी.

काही आठवड्यांनी तपासणीला आले तेव्हा दिवसाचा डोस 10 युनिटवरून 6 वर आणावा लागला. साखर सारखी उतरत होती. उपचार सुरू झाल्यावर उरलेल्या थोड्या पेशी काही काळ पुन्हा काम करतात, म्हणून असं होतं. गावाकडच्या कुणीतरी त्यांना एक झाडपाल्याचं औषध सुचवलं होतं, इन्सुलिन आपोआप सुटेल म्हणून. नेमक्या याच काळात ते औषध लागू पडल्यासारखं वाटतं, आणि याच काळात इन्सुलिन सोडलेली मुलं पुन्हा धाप लागून येतात. 1922 च्या आधी, इन्सुलिन नव्हतं तेव्हा, या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवून घेण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हतं. बापाला हे सांगितलं. त्याने ती पुडी खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं की गावी गेल्यावर 40 ची बाटली न मिळता 100 ची मिळाली तर सिरिंज कुठली घ्यायची. आईने त्याच्या आधी उत्तर दिलं, "केशरी."