तीसपर्यंतचे पाढे

शाहू जयंतीच्या आदल्या दिवशी चौथीच्या वर्गात महाराजांबद्दल सांगत होते. 1917 चा सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा कोल्हापूरच्या पोरांना पाठ असतो. मी मुद्दाम 1919 चा काढला. बायकांना क्रूरपणे वागवायला संस्थानात बंदी घालणारा.

"क्रूरपणे म्हणजे कसं, बाई?"

'तुमच्या घरी होतं का असं' हे वर्गात विचारायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. चारचौघांत उघडं पडलेलं पोर पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून गोष्टीतलं एक घर घेतलं. मारणं, उपाशी ठेवणं, कमाई काढून घेणं, रोजचं घालूनपाडून बोलणं.

एक पोरगा म्हणाला, "पण तिचं चुकलं असंल तर?"

"तुझी गणितं चुकतात. मी मारते का?"

तो विचारात पडला.

फळ्यावर 1098 लिहिलं. मुलांसाठीचा नंबर, चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत. भांडणात मध्ये पडायचं नाही, शेजारी जायचं, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. आणि घरातलं भांडण कधीच पोरांमुळं होत नसतं. हे तीनदा सांगितलं.

शाळा सुटल्यावर एक मुलगी फळा पुसायला थांबली. सगळा पुसला, नंबर तेवढा ठेवला.

"बाई, आमच्यात भांडण लागलं की मी बारक्याला घेऊन मोरीत बसते. त्याला पाढे म्हणायला लावते. तीसपर्यंत गेलं की थांबतंय बहुतेक."

आठवड्यापूर्वी याच पाढ्यांसाठी मी तिला वर्गापुढं उभं करून पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. मी तिच्या शेजारी बाकावर बसले.

"कुणाला सांगणार नाही ना?"

हो म्हणावंसं फार वाटलं. पण असं खोटं वचन पोराला देऊ नये. "मदत करू शकतील त्यांनाच सांगीन. आणि आधी तुला सांगीन."

मुख्याध्यापकांशी बोलले, 1098 ला फोन केला. दुसऱ्या दिवशी वह्यांचं निमित्त काढून आईला एकटीला बोलावलं. घरातल्या हिंसेविरुद्धच्या 2005 च्या कायद्याबद्दल सांगितलं: संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं जाता येतं, मारहाण थांबवण्याचा आदेश कोर्ट देतं, मनात आलं म्हणून नवरा बायकोला घराबाहेर काढू शकत नाही. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत ऐकत होती. नंबर लिहिलेली चिठ्ठी तिनं वहीत ठेवली, पुन्हा काढली, ब्लाउजमध्ये सारली.

मग तिनं विचारलं, "मोरीपर्यंत ऐकू जातं?"