६:४०ची फ्लाइट, ६:१५चं गेट

तिकिटावर ६:४० छापलेलं असतं आणि आमच्या म्हापशाच्या गोतावळ्यात त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावून घेतलाय. भावोजींच्या मते ६:४०ला विमान हवेत जातं. आत्येंच्या मते ६:४०पर्यंत गेटवर पोचलं की झालं, कदंब बसच्या ड्रायव्हरसारखे हात केला की थांबतील. मी बरीच वर्षं केबिन क्रूमध्ये होते, त्यामुळे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती चौकट) सगळे जमले की हे प्रश्न माझ्याच पानात वाढले जातात. आता एकदाच लिहून ठेवते. पुढच्या चवथीला लिंक पाठवीन आणि नेवऱ्या खात बसेन.

तर ६:४० ही चाकांची वेळ. चाकांना लावलेले अडथळे, म्हणजे चोक, काढले जातात आणि विमान आपली जागा सोडून मागे ढकललं जायला लागतं, तो क्षण. आमच्याकडे त्याला ऑफ ब्लॉक म्हणतात. प्रत्यक्ष उड्डाण त्यानंतर दहा मिनिटांनी होईल, मुंबईत संध्याकाळच्या गर्दीत सापडलात तर अर्ध्या तासानेही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि बाकी सगळी रांग. पण मागे ढकललं ते ६:४०ला ना, मग कागदोपत्री विमान वेळेवर सुटलं. शिवाय १५ मिनिटांपर्यंतचा उशीर आकडेवारीत उशीर म्हणून धरतच नाहीत.

आता उलटं मोजा. देशांतर्गत प्रवासात चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि गेट २५ मिनिटं आधी, म्हणजे ६:१५ला. "रिकामी २५ मिनिटं बसवून ठेवतात" ही भावोजींची कायमची तक्रार. रिकामी कुठली! न आलेल्या माणसाची बॅग विमानाच्या पोटात गेली असेल तर ती शोधून उतरवायची, कारण मालकाशिवाय बॅग न्यायची नाही हा सुरक्षेचा नियम. मग डोकी मोजायची आणि यादीशी जुळवायची. त्यानंतर लोड अँड ट्रिम शीट: किती माणसं, कोणत्या भागात बसली, पोटात सामान किती, इंधन किती, आणि या सगळ्यातून विमानाचं वजन आणि तोल. तो कागद कॅप्टनने पाहून मान्य केल्याशिवाय विमान हलत नाही. मागच्या ओळी रिकाम्या दिसल्या म्हणून तुम्ही उठून जायला लागता आणि आम्ही "उड्डाण झाल्यावर बसा" म्हणतो, ते या तोलाच्या हिशेबापायी.

क्रू किती, हाही नेहमीचा प्रश्न. "चहा द्यायला चार मुली कशाला?" चहासाठी नाहीतच मुळी. नियम साधारण ५० खुर्च्यांमागे एक असा आहे. खुर्च्या मोजायच्या, प्रवासी नव्हे. १८० खुर्च्यांच्या एअरबसला चार जण, २३२ खुर्च्यांच्या लांब विमानाला पाच, छोट्या एटीआर विमानाला दोन. अर्धं विमान रिकामं असलं तरी चौघं लागणारच. चौघांतली एक गाडीत अडकली किंवा तिला ताप आला, तर स्टँडबायवरची मुलगी येईपर्यंत बोर्डिंग सुरू होत नाही. गेटवर तुम्हाला "ऑपरेशनल कारण" सांगतात ना, त्यात कधी कधी हेही असतं.

चौघं लागतात ती दारांसाठी. ए-३२०ला, म्हणजे त्या १८० खुर्च्यांच्या एअरबसला, पुढे दोन, मागे दोन दारं, शिवाय पंखांवरचे आपत्कालीन दरवाजे. अर्धे दरवाजे बंद आहेत असं धरूनही भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं, हे विमान बनवणाऱ्या कंपनीला ते विकण्याआधी सिद्ध करावं लागतं. दारं बंद झाली की स्पीकरवरून आर्म आणि क्रॉसचेक अशी सूचना ऐकू येते. तेव्हा आम्ही दारातली लाल फीत लोंबणारी पिन काढून जागेवर ठेवतो आणि खटका खाली आणतो. त्यानंतर ते दार आतून उघडलं तर घसरगुंडी फुगून बाहेर पडणार. उतरल्यावर बरोबर उलटं करायचं: खटका वर, पिन आत, समोरच्या दाराची मुलगी माझं बघणार, मी तिचं. दार उघडताना हँडल किंचित उचलून खिडकीखालचा पांढरा दिवा लागत नाही ना ते पाहायचं. तो लागला तर हात तिथेच थांबवायचा. घाईत घसरगुंडी उडाली तर खाली शिडी लावणारा माणूस जिवाला मुकू शकतो, आणि विमान त्या दिवसापुरतं गेलंच म्हणून समजा.

उड्डाणाच्या वेळी आम्ही जंप सीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, हात मांड्यांखाली घेऊन, तळवे वर करून, गप्प बसलेल्या दिसतो. आत्येंना वाटायचं थंडी वाजते. ती आदळण्याची तयारी असते. आणि त्या अर्ध्या मिनिटात मनातल्या मनात घोकणं चालू असतं: माझं दार कुठलं, आग बाहेर दिसली तर काय ओरडायचं, दुसरं दार कुठलं, माझ्या जवळ म्हातारं माणूस कोण, लहान मूल कुठल्या ओळीत. रोज पाच-सहा वेळा, दर उड्डाणाला. कंटाळा येतो म्हणून सोडायचं नसतं.

आता चहा. गोवा–मुंबई तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास दाखवतात, त्यातला हवेतला वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं. चढताना पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत उठायचं नाही. कॅप्टनने खाली यायला सुरुवात केली की चहा-खाण्याच्या गाड्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, नेऊन कुलूपबंद करायच्या, मग खुर्च्या, टेबलं, पट्टे तपासायचे. मध्ये उरतात वीस-पंचवीस मिनिटं आणि तीस ओळी. भरलेली गाडी शंभर किलोच्या घरात जाते, आणि विमान सरळ उडतंय असं वाटलं तरी त्याचं नाक थोडं वर असतं, म्हणजे मागून पुढे गाडी ढकलणं हा चढच. त्यात बाराव्या ओळीत कोणी पाचशेची नोट काढतो, सतराव्या ओळीत कार्ड मशीन अडतं, तेविसाव्या ओळीतल्या काकांना उपम्यात पाणी नक्की किती घालायचं ते विचारायचं असतं. तिसाव्या ओळीपर्यंत आम्ही पोचतो तेव्हा खाली पनवेलची खाडी दिसत असते. दिल्लीच्या फ्लाइटवर हेच काम माणसासारखं करता येतं.

चहा मचूळ का लागतो, याचं उत्तर मुलींकडे नाही. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो, त्या दाबाला पाणी ९२–९३ अंशांच्या आसपास उकळतं आणि पत्ती उतरत नाही. कोरड्या हवेत जिभेची चवही मंदावते. म्हणून मी प्रवासी म्हणून जाते तेव्हा टोमॅटोचा रस घेते. दारू देशांतर्गत विमानात मिळत नाही, गोव्याहून निघणाऱ्यांनी हे घरातूनच लक्षात ठेवावं. आणि क्रूचं तर विचारूच नका. ड्यूटीआधी १२ तास थेंब नाही, पहिल्या उड्डाणाआधी ब्रेथ अ‍ॅनलायझरमध्ये फुंकायचं. एप्रिलमध्ये अख्खं घर उर्राक (काजूची दारू) आणि लिंबू घेऊन व्हरांड्यात आणि मी ताक.

उशिराचा विषय मोठा आहे, पण बहुतेक वेळा कारण एकच असतं: विमानच आलेलं नाही. एकच विमान सकाळी एका शहरातून निघून दिवसभरात पाच-सहा ठिकाणी उतरतं. पहिल्या ठिकाणी पाऊण तास गेला की संध्याकाळी गोव्यात तोच पाऊण तास, कधी वाढलेला. उशिराच्या कारणांना जगभर ठरावीक क्रमांक असतात, त्यातला ९३ म्हणजे मागून येणारं विमान उशिरा. उतरल्यावर पुन्हा सुटायला स्वस्त कंपन्या अर्ध्या तासाच्या आत-बाहेर वेळ ठेवतात. त्यात माणसं उतरवायची, कचरा काढायचा, खुर्च्यांखाली सुरक्षा तपासणी, इंधन, सामान, नवी माणसं. हरवलेला वेळ भरून काढायला त्यात फट नाही. काम असेल तर दिवसाचं पहिलं विमान घ्या. ते बहुधा रात्रीच येऊन उभं असतं.

गोव्याची आणखी एक गंमत आहे. दाबोळी मूळ नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास तिथे लष्करी उड्डाणं चालतात, त्या वेळात नागरी विमानांना जागा नसते आणि दुपारनंतर सगळी एकदम गर्दी. पेडण्यातल्या मोपा विमानतळाला ती अडचण नाही, जानेवारी २०२३पासून ते चोवीस तास चालू आहे. पण आता दोन विमानतळ झाल्यामुळे तिकिटावरची तीन अक्षरं वाचायची सवय लावा: दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. काणकोणहून निघून दाबोळीच्या दारात उभं राहिल्यावर जीओएक्स दिसलं तर पेडण्यापर्यंतचा अख्खा गोवा पार करायचा राहिलेला असतो, आणि काउंटर तर तासभर आधीच बंद.

उशीर फार लांबला की क्रूचं घड्याळही संपत येतं. ड्यूटी किती वाजता सुरू झाली आणि किती वेळा उतरायचं आहे यावर तासांची मर्यादा ठरते. ती ओलांडून उडता येत नाही, मग आत माणसं बसलेली असली तरी क्रू बदलावा लागतो. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम २०२५मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले, आठवड्याची सलग सुटी ३६ वरून ४८ तास झाली. त्या डिसेंबरात माणसं अपुरी पडून देशभर कशी उड्डाणं रद्द झाली ते सगळ्यांनी पाहिलं. लोक नियमाला शिव्या घालत होते. मी नाही घातल्या. पहाटे अडीचच्या पिकअपनंतर चौथं लँडिंग करताना डोळे कसे चुरचुरतात ते मला ठाऊक आहे.

आणि पैशांचं. बऱ्याच कंपन्यांत क्रूचा उड्डाण भत्ता चोक निघाल्यापासून चोक लागेपर्यंतच्या तासांवर मोजतात. विमान दोन तास उभं, दार उघडं, तुम्ही वैतागलेले आणि आम्ही पाणी वाटत फिरतोय, तो वेळ त्या भत्त्यात धरत नाहीत. उशिराने आमचा फायदा होतो असं वाटणाऱ्या भावोजींसाठी हे खास.

तुमचा हक्क मात्र सोडू नका. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल आणि तुम्ही वेळेत चेक-इन केलं असेल, तर खाणं-पिणं कंपनीने द्यायचं असतं. सहा तासांवर गेलं तर दुसरं विमान किंवा पैसे परत, निवड तुमची. हे मागायचं गेटवरच्या कर्मचाऱ्याकडे. आणि त्याला "कधी सुटणार?" विचारून उपयोग नाही, तो स्क्रीनवरची वेळच वाचून दाखवेल. "येणारं विमान आत्ता कुठे आहे?" असं विचारा. ते त्याला दिसतं. गेल्या खेपेला आत्येंनी विचारलं, तर तो म्हणाला, हैदराबादहून अजून निघालेलंच नाही. त्यांनी शांतपणे डबा उघडला आणि शेजारच्यालाही पुरी-भाजी दिली.